रोडग्यांची शर्त

"तुमच्या जुन्या हट तर पाडल्या, बाई," उईकेदादा म्हणाले. ते ऐकून मी आईकडं नाही, प्रफुल्लकडं पाहिलं. माझा भाऊ जीपमधून सामान उतरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं नव्हतं, पण ते फार लांबही नव्हतं.

उईकेदादा त्या जंगलातल्या वनखात्याच्या विश्रामस्थळाचे रखवालदार. बाबा होते तोवर दर पौषात आम्ही तिथं जायचो. तलावाच्या काठी लाकडी हट. वीज नाही, नळ नाही, शिधा आपला आपण न्यायचा आणि चुलीवर शिजवून खायचा. बाबा मागून मागून मधलीच हट घ्यायचे. तिच्या पायऱ्या, तिचा उंबरा, चुलीपासून बोरिंगपर्यंतची वाट आईच्या तळपायांना पाठ होती. हातपंपाला आमच्याकडं बोरिंग म्हणतात. त्या पाठ असलेल्या वाटेच्या भरवशावर आई शर्त जिंकणार होती, आणि आता ती वाटच उरली नव्हती.

शर्त काय होती ते सांगते.

आईला काचबिंदू होता. नजरेच्या कडा आधीच गेल्या होत्या, मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. संध्याकाळ झाली की तेही नाही. बाबा गेल्यावर ती पवनीच्या घरात एकटी राहायची, आणि कोणी विचारलं की "मजेत आहे" म्हणायची. दिवाळीला प्रफुल्ल पुण्याहून आला. आईनं त्याला चहा ओतला, तो कपाच्या शेजारी. झालं. त्यानं चहा पुसायच्या आधी निर्णय घेऊन टाकला. आईला पुण्याला न्यायचं. त्यानं तिच्यासाठी खोलीही तयार करवून घेतली. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशी घंटा, दिवसभर सोबत करायला एक बाई. आईनं नुसतं बसायचं, आराम करायचा.

"आराम मेल्यावर करीन," आई म्हणाली. "तवा लय वेळ आहे मले. अन् हे घर मले पाठ आहे म्हणून इथं जमते, तुझ्या पुण्यात नाही जमणार."

दोघंही एका मातीचे. एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाहीत. भाऊबिजेपर्यंत घरात नुसती धुसफूस. शेवटी आईनं तोड काढली. जंगलात जायचं. तिथं ती एकटी सगळ्यांसाठी रोडग्यांचा स्वयंपाक करेल. पाणी तीच आणेल, चूल तीच पेटवेल. कोणी हात लावायचा नाही आणि कोणी तोंडानं सांगायचंही नाही. जमलं तर ती पवनीतच राहील आणि पुण्याचा विषय पुन्हा निघणार नाही. नाही जमलं तर ती मुकाट्यानं बॅग भरेल.

प्रफुल्लनं इतक्या पटकन हो म्हटलं की मलाच राग आला. त्याला वाटलं, म्हातारी पहिल्या बादलीलाच हात टेकणार.

"आणि इंदूले पंच ठेवा," आई म्हणाली.

मी नागपूरच्या शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात शिट्टी, डोक्यावर ऊन आणि तोंडात नियम, असं माझं आयुष्य गेलं. माझ्या सख्ख्या मुलाला, कौस्तुभला, मी आंतरशालेय कबड्डीच्या अंतिम सामन्यात बाद दिलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. त्यामुळं माझ्या पंचगिरीवर घरात कोणाची हरकत नव्हती. माझीच माझ्यावर होती. कारण आई जिंकावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि अशा माणसानं शिट्टी हातात घेऊ नये.

नव्या हट तलावाच्या दुसऱ्या अंगाला, चढावर बांधल्या होत्या. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण पायऱ्या उंच, चूल मागच्या पडवीत, आणि बोरिंग खाली उतारावर, मोहाच्या झाडापलीकडं. प्रफुल्लनं सगळं एकदा पाहिलं आणि तो आईजवळ आला. त्या वेळी तो खरंच मऊ आवाजात बोलला. म्हणाला, शर्त राहू दे, जागाच बदलली, त्यात तुझा काय दोष. दोन दिवस मजा करू, मग पाहू.

"मग पाहू म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे मग पुण्याला जाऊ."

"मग राहू कायले देऊ? चालू दे." तिनं पायातल्या चपला काढून पायरीखाली सरकवल्या. "जेवणाच्या वेळेपर्यंत कोणी माझ्या मधात येऊ नका म्हणजे झालं."

अनवाणी पायांनी ती त्या हटला फेरी घालायला निघाली. एक हात लाकडी भिंतीवर. पायरी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. उंबरा पायानं चाचपायचा. चुलीशी उकिडवं बसून तिन्ही बाजूंना हात लांब करून पाहायची, कुठं काय लागतं ते. सायली, प्रफुल्लची नऊ-दहा वर्षांची पोर, तिच्या मागं मागं फिरत होती. तिनं विचारलं, आजी, तू काय करतेस?

"शाळेत आली," आई म्हणाली. "पहिलीत."

मग तिनं पिशवीतून दोर काढला. तो आमच्या विहिरीचा सुती दोर. बाबा जंगलात जाताना तो न चुकता बरोबर घ्यायचे, ओले कपडे वाळत घालायला. आईनं त्याचं एक टोक पडवीच्या खांबाला बांधलं, दोर मोहाच्या झाडाला एक वेढा देऊन खाली नेला आणि दुसरं टोक बोरिंगच्या लोखंडी पायाला बांधलं. जिथं उतार सुरू होतो तिथं एक गाठ मारली. जिथं दगड वर आला होता तिथं दुसरी.

"ताई, हे चालणार नाही," प्रफुल्ल मला म्हणाला. "मदत नाही असं ठरलं होतं."

मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही आणि कोणी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. दोराला हात नसतो आणि तोंडही नसतं. दोर चालेल.

तो चिडला, पण पंचाच्या निर्णयावर वाद घालायचा नसतो हे त्याला माझ्याकडूनच लहानपणी चांगलं समजलेलं होतं. त्यानं पुण्याहून आणलेली घडीची खुर्ची उघडली आणि उन्हात पेपर घेऊन बसला. पौषातलं ऊन ते, झाडांमधून येणारं. ते जसं सरकेल तशी त्याची खुर्ची सरकायची.

आई दोर धरून खाली-वर करत राहिली. आधी रिकाम्या हातानं, मग रिकामी बादली घेऊन. पहिल्यांदा ती गाठीपाशी थांबायची, पाऊल पुढं टाकून पाहायची. नंतर नंतर नुसता हात गाठीवरून जायचा आणि पाऊल आपोआप आखूड पडायचं. मी शाळेत मुलांना अडथळ्यांची शर्यत शिकवायचे तेव्हा अगदी हेच सांगायचे. आधी चाला, मग पळा. आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी पडवीत हाताची घडी घालून उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की तो लपवायला मी उगाच जंगलाकडं पाहत बसले.

भरलेली पहिली बादली ती न सांडता घेऊन आली. प्रफुल्लनं पेपर उलटला. वाचत नव्हता, कारण तो उलटा धरला होता.

मग वांगी. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे, आत घड्या घातलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची रस्साभाजी हवीच. भाजी नसेल तर त्याला रोडग्यांचं जेवण कोणी म्हणत नाही. पण वांग्यात अळी असते, आणि अळी डोळ्यांनी दिसते. केतकी, माझी वहिनी, पुण्याची. ती आईसमोर बसून पाहत होती, आणि मला तिचा संशय होता. सासूनं शर्त जिंकावी असं तिला माझ्यापेक्षा जास्त वाटत असणार, असा माझा हिशोब होता. सासू पवनीत म्हणजे सून सुखात. माझ्या डोक्यात अशी जळमटं बरीच असतात.

आई वांगी चिरून फोडी मिठाच्या पाण्यात टाकत होती. प्रत्येक फोडीवर तिचा अंगठा फिरायचा. कडक लागली की पाण्यात, मऊ लागली की बाजूला. एक फोड मात्र तिच्या अंगठ्याला फसवून पातेल्यात गेली. मला पडवीतून दिसलं. केतकीलाही दिसलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी आकाशाकडं. तिनं हळूच दोन बोटं पाण्यात घातली आणि ती फोड उचलली.

"केतकी," आई मान वर न करता म्हणाली, "ती फोड परत ठेव."

केतकी एकदम कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, "अहो आई, कीड होती तिच्यात."

"असन. पण ते मले सापडू दे." केतकीनं फोड पाण्यात टाकली. आईनं पातेल्यातल्या सगळ्या फोडी पुन्हा एकदा अंगठ्याखालून घातल्या, एकूण एक, आणि ती बरोबर ओळखून गोवऱ्यांच्या ढिगापलीकडं भिरकावली. भिरकावताना जरा जास्तच जोर लावला.

दुपार कलली. वरण चुलीवर चढलं होतं, कणीक मळून झाली होती. गोवऱ्या आणि तुराट्या रचून आईनं आर पेटवला होता आणि तळहात पुढं करून ती त्याची धग जोखत होती. आता फक्त भाजीच्या रश्शाला आणि पिण्याला पाणी हवं होतं. एक बादली. ती उठली, दोर धरला आणि खाली गेली.

प्रफुल्लची खुर्ची तोवर उन्हामागं सरकत सरकत दोराशी पोचली होती. दोर सोयीचा वाटला म्हणून त्यानं आपलं स्वेटर काढून त्यावर टाकलं होतं. मग त्याला चहाची तलफ आली. उईकेदादांनी आणलेला थर्मास पडवीत होता. तो तसाच उठून वर आला आणि माझ्याजवळ कप भरू लागला. खुर्ची राहिली खाली, आईच्या वाटेत.

आई भरलेली बादली घेऊन चढ चढू लागली. उजव्या हातात बादली, डाव्या हातात दोर. प्रफुल्लनं कप तोंडाला लावला आणि तो तसाच थांबला. त्याला दिसलं. मलाही दिसलं. "आई, खुर्ची" हे दोन शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर शर्त तिथंच संपली असती आणि संध्याकाळी आईची बॅग भरायला मलाच बसावं लागलं असतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

आईचा हात स्वेटरला लागला. ती थांबली. तिनं ते चाचपलं, दोरावरून पुढं सरकवलं आणि पाऊल टाकलं. खुर्चीच्या पायात तिचा पाय अडकला, आणि ती बादलीसकट पुढं पडली.

प्रफुल्लनं कप टाकला आणि झेप घेतली. मी त्याचा दंड धरला. दोन्ही हातांनी धरला, कबड्डीत चढाईला आलेला गडी धरतात तसा. त्याची ताकद माझ्याहून जास्त होती, पण माझा पाय पडवीच्या खांबाला टेकलेला होता. माझी नखं त्याच्या दंडात रुतली.

"सोड," तो म्हणाला. "ताई, तू माणूस आहेस का?"

"पंच आहे," मी म्हटलं.

"आई," तो ओरडला. पुण्यात राहून घासूनपुसून लख्ख केलेली त्याची भाषा एका क्षणात गळून पडली. "आई, लागलं का वं तुले?"

आई जमिनीवर बसली होती. तिनं आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग गुडघा चाचपला, नडगी चाचपली. नडगी फुटली होती, हाताला रक्त लागलं. ते तिनं लुगड्याला पुसलं. माझा जीव तुटत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, ऊठ, माय, ऊठ, नाहीतर मीच याला सोडते आणि याच्या आधी तुझ्याजवळ पोचते. केतकीनं सायलीला पोटाशी धरलं होतं.

आई उठली. दोर तिला पहिल्या प्रयत्नात सापडला नाही, दुसऱ्यात सापडला. मग तिनं खुर्ची शोधली, तिची घडी घातली आणि मोहाच्या बुंध्याला टेकवून ठेवली. घरंगळलेली बादली पायानं चाचपत हुडकली. आणि ती दोर धरून पुन्हा खाली उतरली. थोड्या वेळानं बोरिंगचा दांडा कुरकुरायला लागला. तो आवाज ऐकून प्रफुल्लचा दंड माझ्या हातात एकदम सैल पडला. मी तरीही सोडला नाही. आई भरली बादली घेऊन पडवीत पोचली तेव्हा सोडला.

तिच्या खांद्यावर त्याचं स्वेटर होतं. ते तिनं समोर धरलं.

"घाल हे. थंडी वाजन तुले," ती म्हणाली. मग मसाल्याच्या डब्यातली हळद तिनं नडगीवर दाबली आणि रश्शाला फोडणी द्यायला बसली. खुर्ची कोणाची, कोणी ठेवली, काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं.

अंधार पडायला लागला तसे आम्ही डोळस लोक निकामी होत गेलो. केतकीला कंदील सापडेना. सायलीला चप्पल सापडेना. मी पाण्याचा तांब्या शोधता शोधता कणकेच्या परातीत हात घातला. आईला मात्र काही फरक पडला नव्हता. "कंदील खिडकीच्या खाली आहे," ती आतल्या आत हसत म्हणाली, "आणि चप्पल पायरीखाली, माझ्या चपलांजवळ. तुम्हाले सांगू नये असं काही ठरलं नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. आम्ही सगळे हसलो. प्रफुल्ल सोडून.

रोडगे झाले की नाही ते आईनं आवाजावरून ओळखलं. चिमट्यानं एकेक बाहेर काढायची आणि बोटाच्या टिचकीनं वाजवून पाहायची. भरलेला आवाज आला की परत आरात. पोकळ आला की फडक्यात. मग फडक्यात घोळून राख झटकली, मुठीनं दाबून फोडले आणि वरून तुपाची धार धरली. तुपाच्या वाटीत करंगळी बुडवून ती किती ओतलं याचा अंदाज घेत होती.

आम्ही पडवीत पत्रावळी मांडून बसलो. उईकेदादाही बसले. काही रोडगे एका बाजूनं करपले होते, हे पंच म्हणून मी नमूद केलं. आई म्हणाली, बाबांच्या वेळीही करपायचे, तेव्हा तू गुमान खायची. भाजी झणझणीत झाली होती. सायलीनं वांगं खाल्लं, जे ती पुण्यात तोंडाला लावत नसे. पहिला घास संपल्यावर मी उभी राहिले आणि निकाल सांगितला. जमलं. शर्त आई जिंकली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे प्रफुल्लकडं पाहत होते. तो रोडगा मोडत होता, खात नव्हता.

"मान्य," तो म्हणाला. "पण आई, एक सांगू? तूच मला आज दाखवून दिलंस. तू म्हणायचीस की पवनीचं घर पाठ आहे म्हणून तिथं जमतं, पुण्यात जमणार नाही. ही हट तुला कुठं पाठ होती? एका दिवसात शिकलीस. मग माझं घरही शिकशील. चार दिवस लागतील फार तर."

त्याचं बरोबर होतं. एवढी मोठी शर्त जिंकून आईनं स्वतःच आपला मुद्दा खोडून ठेवला होता, आणि ते मला दिवसभरात सुचलं नव्हतं. केतकीनंही वर पाहिलं. कंदिलाच्या उजेडात आईचा चेहरा शांत होता, जसं काही ती याच बोलण्याची वाट पाहत बसली होती.

"शिकीन की," ती म्हणाली. "चार दिवस कायले, दोन दिवसांत शिकीन. तुझं घर मले जड नाही, प्रफुल."

"मग?"

"आज मी पडली, तवा तू धावला. इंदूनं तुले धरलं." तिनं तुपाची वाटी खाली ठेवली. "तिथं तुले कोण धरून ठेवीन?"

प्रफुल्लचा हात पत्रावळीवर तसाच राहिला.

"तू चांगला आहेस, बापा. म्हणून तर धावशील. रोज धावशील. मी उठली की धावशील, चुलीजवळ गेली की धावशील. एक दिवस मी उठणंच सोडून दिन. पडण्याची भीती नाही मले. पडल्यावर माणूस उठते. उचललेलं माणूस कधी उठन?"

केतकी हळू आवाजात म्हणाली, "मी धरेन ना त्यांना, आई. तुम्ही या. मी धरेन."

मी वहिनीबद्दल दिवसभर जे जे मनात घोळवलं होतं ते सगळं त्या एका वाक्यानं माझ्याच तोंडावर आपटलं.

आईनं हात पुढं केला, केतकीचा गुडघा लागला, त्यावर थोपटलं. "तू कायची धरतेस वं पोरी," ती हसून म्हणाली. "तुझ्यानं एक किडकी फोड पाहवली नाही."

केतकी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. प्रफुल्लनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं. मग त्यानं पत्रावळ पुढं सरकवली.

"अजून एक दे," तो म्हणाला. "करपलेला दे. अन् तूप जास्त टाक."

आई पवनीतच राहिली. त्यानंतर पुष्कळ वर्षं राहिली. प्रफुल्ल रोज फोन करायचा आणि दर सुटीत यायचा. आला की पहिल्यांदा चपला जागेवर ठेवायचा आणि उठताना खुर्ची भिंतीला लावायचा. ती पडली का, भाजली का, हे आम्हाला बहुतेक वेळा शेजाऱ्यांकडून कळलं. शेवटी शेवटी तिला काहीच दिसत नव्हतं. तरी मी गेले की चहा तीच करायची, आणि तो कपातच पडायचा. कपाच्या काठावर बोट ठेवून ओतायला ती केव्हाच शिकली होती. गेली ती स्वतःच्या अंथरुणावर, सकाळची पूजा आटोपून जरा पाठ टेकली तेव्हा.

घर आवरताना मी बाकी काही मागितलं नाही. दोर तेवढा आणला. तो आता माझ्या कपाटात, खालच्या फळीवर असतो. रंग गेलाय, पण गाठी तशाच आहेत.

काचबिंदू आईकडून लेकीकडं येतो म्हणतात. माझ्याकडं तो आला त्याला काही वर्षं झाली. थेंब घालते, पण कडा जायला लागल्यात. परवा मी दारात उभ्या असलेल्या शेजारणीला ओलांडून तशीच पुढं गेले, तिला राग आला. कौस्तुभ बंगळुरूला असतो. त्याला कोणीतरी सांगितलं. लगेच फोन आला. आई, आता पुरे. तुझी खोली तयार करवून घेतो. बाथरूममध्ये दांडे लावून घेतो, दिवसभराची बाई बघतो. तू फक्त आराम कर. आवाज अगदी प्रफुल्लचा, दिवाळीतला.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, पौषात रजा काढ. आपण जंगलात जाऊ. बायकापोरांना आण, तुम्हाला सगळ्यांना रोडगे खाऊ घालते, मी एकटी. मग काय ते ठरवू. त्याला आजीची गोष्ट ठाऊक आहे. त्यानं आधी टाळाटाळ केली आणि शेवटी हो म्हणाला. त्याचा हो खुशीचा नव्हता, आणि तो तसाच असायला हवा.

हटची नोंदणी झाली. गहू जाडसर दळून आणलाय. कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतायचा सराव मी रोज डोळे मिटून करते आहे. अजून निम्मा बशीत जातो.

काल मी प्रफुल्लला फोन लावला. तो आता निवृत्त झालाय, गुडघ्यांची तक्रार करतो, चालताना काठी घेतो. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, माझ्या सामन्याला पंच हवाय. येशील का?

पलीकडं काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"कौस्तुभचं वजन किती आहे आता?" त्यानं विचारलं.

"का?"

"नाही, मी पडवीत खांबाजवळ उभा राहतो म्हटलं. पाय टेकायला बरा असतो."